तक्रारपेटीत चिठ्ठी आलीये, मुख्याध्यापक म्हणतात आधी खात्री करा. मी काय करू?

अबोली_टीचर

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत शिकवते, मराठी आणि इतिहास. शिक्षण सेवक आहे, म्हणजे अजून कायम झालेले नाही, हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येतो. जूनमध्ये सखी सावित्री समितीचं, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या समितीचं काम माझ्याकडे आलं, स्टाफमध्ये बायका कमी आणि त्यात मी नवीन म्हणून. काम म्हणजे काय तर फलक लावायचा, त्यावर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लिहायचा, मीटिंगचं प्रोसिडिंग लिहायचं आणि दर शनिवारी तक्रारपेटी उघडायची, काही नसलं तर 'निरंक' लिहून सही घ्यायची. बहुतेक वेळा पंखा बंद आहे, मुलींच्या बाथरूमला कडी नाही, अमका चिडवतो असलंच निघतं, आणि तेही मी पाठपुरावा करून करून घेते.

या शनिवारी वहीच्या पानाची एक चिठ्ठी निघाली, पेन्सिलने लिहिलेली. 'तिला व्हॅनवाले काका पुढच्या सीटवर बसवतात. तिला आवडत नाही. ती रडते. मी सांगितलं हे तिला सांगू नका.' वर सातवीतल्या एका मुलीचं नाव. लिहिणारीचं नाव नाही पण अक्षर मी ओळखते, तिची मैत्रीण आहे.

आणि चिठ्ठी वाचल्या वाचल्या मला गेल्या काही आठवड्यांतलं सगळं आठवलं. ही मुलगी शेवटच्या तासाला पोट दुखतंय म्हणते, शाळा सुटली की दप्तर भरायलाच पंधरा मिनिटं लावते, मध्ये एकदा चालत घरी गेली म्हणून आई ओरडली होती. सोमवारी ती लायब्ररीत पुस्तक बदलायला आली तेव्हा मी एवढंच म्हटलं की हल्ली तुला बरं वाटत नाही का गं. ती बराच वेळ पुस्तकाचं कव्हर नखाने सोलत राहिली आणि मग म्हणाली काका हात लावतात. मग लगेच म्हणाली, तुम्ही घरी सांगणार का? मी पुढे काहीच विचारलं नाही, म्हटलं तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही.

सरांना सांगितलं. सर माणूस वाईट नाहीत, मुलांसाठी पदरचे पैसे घालणारे आहेत. पण ते म्हणाले व्हॅन शाळेची नाही, पालकांनी लावलेली आहे, आपला काय संबंध. मग म्हणाले निनावी चिठ्ठीवर कुणाच्या पोटावर पाय आणायचा का, आधी खात्री करू, गुरुवारी पालकांना आणि त्या ड्रायव्हरला समोरासमोर बसवू आणि मुलीला विचारू. वर म्हणाले नुसता हातच लावला ना. आणि संस्थेत विचारल्याशिवाय बाहेर एक शब्द नाही.

आता मी मुलीला अजून विचारायचं का? सरांना डावलून पोलिसात जायचं का? आणि गेले तर माझ्या नोकरीचं काय? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, दोन दिवस जेवण जात नाहीये.

सुमनताई_सोलापूर

अबोली, मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेय त्यामुळे तुमच्या सरांच्या डोक्यात काय चाललंय ते मला चांगलं माहीत आहे, पण गुरुवारची बैठक कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नकोस. बारा वर्षांची पोर त्या माणसासमोर उभी करून तिला 'खरं सांग' म्हणायचं, शेजारी आईबाप, समोर हेडमास्तर, ती काय बोलणार? नाहीच म्हणणार. आणि एकदा नाही म्हणाली की तो विषय कायमचा संपला, ती परत कुणालाही काही सांगणार नाही आणि तो माणूस उद्यापासून पुन्हा व्हॅन चालवणार, त्यात बाकीचीही पोरं आहेत.

दुसरं, उद्या सकाळी ती मुलगी त्या व्हॅनमध्ये बसता कामा नये. हे पोलिसांच्याही आधीचं काम आहे. तिच्या आईला आज संध्याकाळी भेट, फोनवर नको, आणि घरात दहा माणसं असताना पण नको.

व्हॅन आमची नाही हे तर मला सांगूच नये कुणी. स्कूल बसच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि तिचा अध्यक्ष मुख्याध्यापकच असतो. पोरं कशातून येतात, कोण आणतं, त्याचे कागद बघितलेत का, हे बघायला ती समिती आहे.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या केसेस करतो. मुद्द्याचं सांगतो.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ बघा. गुन्हा झालाय हे कळलं किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तरी ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यायचीच. हे 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहे, फक्त मुख्याध्यापकाला नाही, आणि त्यात घटना शाळेत झाली का व्हॅनमध्ये का घरी असा काही फरक नाही. संस्थेची परवानगी घ्या असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आधी खात्री करा असंही नाही, खात्री करणं म्हणजे तपास आणि तपास हे पोलिसांचं काम. माहिती दिली नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. हे नुसतं पुस्तकात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदला गेला, हायकोर्टाने तो रद्द केला होता, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परत उभा केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट सांगितलं. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर हेच कलम २१ लागलं.

'नुसता हात लावला' याबद्दल. २०२१ च्या जानेवारीत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा एक निकाल आला होता की कपड्यांवरून स्पर्श असेल तर तो पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, हेतू लैंगिक आहे का ते बघायचं, कातडीला कातडी लागली का ते नाही. त्यामुळे हा विषय सरांनी सोडून द्यावा.

तुमच्या नोकरीबद्दल: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, ते कलम १९ मध्येच आहे. उद्या संस्थेने काढलंच तर खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आहे, शाळा न्यायाधिकरण आहे. शिक्षण सेवकाला काढणं सोपं असतं हे खरं, मी खोटा धीर देणार नाही. म्हणूनच सगळं लेखी करा. सरांना आजच पत्र द्या, चिठ्ठी कधी निघाली, तुम्ही त्यांना कधी सांगितलं, आणि कायद्याने मला कळवणं भाग आहे म्हणून मी कळवतेय, एवढंच. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. हे पत्र बघितल्यावर बऱ्याच सरांचा सूर बदलतो, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की हे आपल्या हातातलं आहे.

गुरुजी_पश्चिम_महाराष्ट्र

मला जरा वेगळं म्हणायचंय, राग नसावा. मी वीस-पंचवीस वर्षं शिकवतोय. आज पुरुष शिक्षक पोराच्या पाठीवर शाबासकीची थाप द्यायला घाबरतो अशी परिस्थिती आहे. आमच्या भागात एका शिक्षकावर जुन्या भांडणातून खोटी तक्रार झाली, तो सुटला पण गावातून उठला, बायकोपोरं माहेरी गेली. व्हॅनवाल्याचं पोट त्या व्हॅनवर आहे, खोटं निघालं तर त्याला परत कोण पोरं देणार? थोडी शहानिशा शाळेने करावी असं सरांना वाटलं तर त्यात पाप काय आहे? मुलीची बाजू मी नाकारत नाही, माझ्याही मुली आहेत.

रानजाई

गुरुजी, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, खोट्या तक्रारीत भरडलेली माणसं मीही बघितलीत. पण त्यांना वाचवायचं असेल तरीसुद्धा शाळेने चौकशी करू नये असंच मी म्हणेन. शाळेत कसं होतं बघा, मुलीला आधी वर्गशिक्षिका विचारते, मग सुपरवायझर, मग सर, मग संस्थेचे कुणीतरी अण्णा किंवा दादा, प्रत्येक जण 'कुठे हात लावला, असा का तसा' विचारतो, आणि मूल हळूहळू समोरच्याला जे ऐकायचंय ते बोलायला लागतं. मग कोर्टात बचावाचा वकील म्हणतो ही गोष्ट मोठ्यांनी पढवलेली आहे. खरी तक्रार यात मरते आणि खोटी असेल तर तीही यातच पक्की होत जाते. ज्याच्यावर आरोप आहे त्यालासुद्धा न्याय हवा असेल तर मुलीचं बोलणं न हाताळता पुढे जाऊ देणं हेच बरं. मुद्दाम त्रास द्यायला खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, ती सोय कायद्यात आहेच.

अबोलीताई, तुम्ही लायब्ररीत पुढे विचारलं नाहीत तेच योग्य. आता तिला अजून काही विचारू नका. ती आपणहून बोलली तर ऐका, मान हलवा, 'बरं' म्हणा, आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. ती 'हात लावतात' म्हणाली तर 'हात लावतात' एवढंच लिहायचं, 'विनयभंग केला' असं लिहायचं नाही. तारीख, वेळ, जागा, त्याआधी तुम्ही काय विचारलं होतं तेही लिहा, कव्हर सोलत होती तेही लिहा. चिठ्ठी पाकिटात घालून ठेवा, तिला स्टेपल मारू नका, त्यावर शाळेचा शिक्का मारू नका, आणि ती स्टाफरूममध्ये फिरू देऊ नका.

ती विचारतेय 'घरी सांगणार का', तिला 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका हं. मोडलं की तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. तिला सांगा की तुला सुरक्षित ठेवायला मला काही मोठ्या माणसांना सांगावं लागणार आहे, कुणाला ते मी तुला आधी सांगीन. आणि जाण्याआधी खरंच सांगा.

पोलीस स्टेशनची भीती घालतात सगळे, पण तिला ठाण्यात नेऊन बसवायचं नसतं. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, सब इन्स्पेक्टरच्या खालची नाही, आणि गणवेशात नाही, आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं. वैद्यकीय तपासणी लागली तर मुलीसाठी महिला डॉक्टर. हे कलम २४ ते २७ मध्ये आहे, कुणी वेगळं करायला लागलं तर शांतपणे आठवण करून द्या. रात्री-अपरात्री काही कळेनासं झालं तर १०९८ लावा, ती लाइन आता ११२ या आपत्कालीन नंबरशीही जोडलेली आहे.

लेस्टरकर

मी मूळची नाशिकची, इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथे प्रत्येक शाळेत एक सेफगार्डिंग लीड असतो आणि तो वरिष्ठ पदावरचाच असावा लागतो, म्हणजे अबोलीसारख्या नवीन मुलीच्या गळ्यात हे काम टाकताच येत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतं ते हे की बारीकसारीक गोष्टी पण त्याच दिवशी लिहून ठेवायच्या. डबा न खाणं, सुटल्यावर रेंगाळणं, एकट्याने बघितलं तर काहीच वाटत नाही, पण तीन वेगवेगळ्या टीचर्सच्या नोंदी एका जागी आल्या की चित्र दिसतं. तुमच्याकडे पी.टी.च्या सरांना तिचं पोट दुखणं माहीत असेल, शिपाई मावशींना तिचं रेंगाळणं माहीत असेल, पण ते एकत्र कुठेच येत नाही. एक साधी वही, कुलपात ठेवलेली, एवढं तरी सुरू करता येईल. आणि इथेही वरिष्ठांनी टाळाटाळ केली तर कुठलाही कर्मचारी थेट कौन्सिलच्या बालविभागाला कळवू शकतो, त्याला कुणी आगाऊपणा म्हणत नाही.

अबोली_टीचर

सगळ्यांचे खूप आभार, काय झालं ते सांगते.

त्याच संध्याकाळी मुलीच्या आईला भेटले. ती कांद्याच्या चाळीवर कामाला जाते, तिथेच गाठलं, बाजूला घेऊन सांगितलं. ती आधी मटकन खालीच बसली आणि मग पहिलं वाक्य काय तर 'मॅडम, तिची शाळाच बंद करते'. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना पत्र दिलं, वकील साहेबांनी सांगितलं तसंच लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पोच दिली आणि म्हणाले चला, मी येतो बरोबर. खरंच आले. ठाण्यात आधी हवालदार म्हणाले आधी अर्ज द्या, चौकशी करून बघू, तेव्हा सरच बोलले की पॉक्सोचं आहे, अर्जावर भागत नाही. मग महिला पीएसआय मॅडम आल्या, साध्या ड्रेसमध्ये मुलीच्या घरी गेल्या. गुन्हा नोंद झालाय. व्हॅन बंद आहे. त्या व्हॅनमधल्या अजून एका मुलीची आई आज शाळेत येऊन गेली, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आता वेगळाच त्रास सुरू झालाय. बाकीचे पालक चिडलेत की पोरांनी यायचं कसं. गावात नाव फुटल्यासारखं झालंय. वडील म्हणतात मामाकडे पाठवून देऊ, आणि मामाच्या गावी सातवीनंतर शाळा नाही, म्हणजे पुढचं सगळं मला दिसतंय. ती स्वतः मला म्हणाली, मला शाळेत यायचंय पण सगळे बघतात. आणि जिने चिठ्ठी टाकली ती पोरगी घाबरून गेलीये की आपल्यामुळे हे झालं. तिला काय सांगू?

बालस्नेही_मराठवाडा

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करतो, अशा वेळी काय काय मिळू शकतं ते सांगतो कारण पालकांना ते कुणी सांगतच नाही.

पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं बघणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला कळवायचं असतं. कळवलंय का ते सरांना सांगून पत्राने विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी कागद ठाण्यातच पडून राहतो. समितीकडे आईवडिलांनी सहाय्यक व्यक्ती मागावी, २०२० च्या नियमांत ती तरतूद आहे. तपास सुरू असताना आणि कोर्टात केस चालू असताना हे माणूस मुलीबरोबर राहतं, तारखा सांगतं, कोर्ट दाखवून आणतं. नाहीतर मजुरीवर जाणाऱ्या आईला प्रत्येक तारखेला रोज बुडवून नुसतं बाकावर बसावं लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या तारखेला लोक मिटवून घ्यायला तयार होतात. मिटवायला सांगणारे येतीलच, आईला आधीच सांगून ठेवा की असं कुणी आलं तर पीएसआय मॅडमना फोन करायचा.

येण्याजाण्याच्या खर्चासाठी आणि तातडीच्या गरजांसाठी समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते, तीही त्याच नियमांत आहे, अर्ज साध्या कागदावर चालतो. मनोधैर्य ही अत्याचारग्रस्तांना आर्थिक मदत देणारी सरकारी योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, तिथे वकीलही मोफत मिळतो. एसटी त्या गावावरून जात असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास फुकट आहे, तो शाळेनेच काढून द्यायचा असतो, सगळ्याच मुलींचे एकदम काढा म्हणजे हिच्या एकटीसाठी काढला असं दिसणार नाही. गाडीची वेळ जुळत नसेल तर आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांचं पत्र द्या, विद्यार्थ्यांसाठी वेळ बदलून दिलेली मी स्वतः बघितलीये.

मामाकडे पाठवायचं म्हणतात तेव्हा वडिलांशी भांडू नका. सहामाहीपर्यंत थांबू या म्हणा. तोपर्यंत हजेरी कमी भरली तरी आम्ही सांभाळून घेतो हे सरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या, ते वडील सरांचं ऐकतील. वर्गात तिची जागा बदलू नका, तिला खास वागवू नका, चुकलं तर बाकीच्यांसारखंच शुद्धलेखन लिहायला लावा. स्टाफला मात्र स्पष्ट ताकीद हवी, तिचं नाव बाहेर कुठेही घ्यायचं नाही, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी नाव किंवा फोटो टाकला असेल तर स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या, मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पालकसभा घेताना व्हॅनबद्दल बोला, त्या मुलीबद्दल नाही. नवीन गाडी लावताना ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन, गाडीत बाई मदतनीस आणि पुढच्या सीटवर कुणी मूल बसणार नाही, हे परिवहन समितीच्या ठरावात लिहून घ्या.

चिठ्ठीवाल्या मुलीला एकटीला बोलावू नका, सगळ्यांच्या नजरेत येईल. वह्या तपासायच्या निमित्ताने तिघी-चौघींना थांबवा, तिला शेवटी ठेवा आणि सांगा की पेटीत जे येतं ते कुणी लिहिलं हे मी कुणालाही सांगत नाही, मैत्रिणीलाही नाही. पुढे कधी तिचा जबाब लागलाच तर तिच्या आईवडिलांना आधी कळवूनच होईल, हेही सांगून ठेवा. आणि पेटीची किल्ली सध्या कुणाकडे आहे? ऑफिसात खिळ्याला टांगलेली असेल तर आजच ती तुमच्याकडे घ्या, आणि पेटी उघडताना सखी सावित्री समितीतले अजून एक पालक सोबत असू द्या.